इतर इच्छा

नमुना म्हणून हातात दिलेल्या कागदाचं शेवटचं पान मी उलटलं, आणि तिथे माझ्या नवऱ्याचे शब्द होते. नाव पांढऱ्या शाईने झाकलेलं, पत्ता झाकलेला, सहीच्या जागी पट्टी ठेवून मग प्रत काढलेली. पण शब्द तेच, त्याच क्रमाने. ‘माझ्या अखेरच्या दिवसांत माझ्या खोलीत पूर्ण शांतता राखावी. रेडिओ, गाणी अथवा संभाषण नसावे. माझ्याशी कोणीही बोलण्याचा प्रयत्न करू नये. आयुष्यभर मी पुरेसे ऐकले आहे.’ ह्या चार वाक्यांसाठी मला कागद लागत नाही. आठ वर्षं मी ती अंथरुणात पडल्या पडल्या, दुधावर नजर ठेवून उभी असताना, बसच्या रांगेत म्हणत आले आहे, शाळेत पाठ केलेल्या पाढ्यांसारखी. आधी मला रागच आला. ह्या वकील पोरीने माझ्याच नवऱ्याचा कागद आल्यागेल्याला दाखवायला ठेवलाय की काय, आणि तो मलाच दाखवावा? मग मी पहिल्या पानावर गेले. व्यवसायाची ओळ झाकायची राहून गेली होती. ‘निवृत्त मुख्याध्यापक.’ माझे हे पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात नकाशे काढायचे. शाळेशी त्यांचा संबंध मॅट्रिकला संपला तो कायमचा. तारीख पाहिली, ह्यांच्या कागदाच्या आठ दिवस आधीची. मी पुन्हा शेवटचं पान काढलं, ती चार वाक्यं पुन्हा वाचली, ह्या वेळी एकेक शब्दावर बोट ठेवून, आणि मग बोट तिथेच ठेवून बसून राहिले.

ह्या ऑफिसात मी सव्वीस वर्षं टाइप केलं. माझं टेबल होतं तिथे आता थंड पाण्याचं मशीन आहे, आणि खिडकीखालच्या भिंतीवर माझ्या खुर्चीच्या पाठीने घासून पडलेला पट्टा दोनदा रंग देऊनही दिसतो. साहेब वारले. आता त्यांची मुलगी वकिली करते. शाळा सुटली की दप्तर माझ्या टेबलाखाली ढकलून त्यावर डोकं ठेवून झोपायची, ती. मी आले होते स्वतःचा कागद करायला. मृत्युपत्र नव्हे, माझ्यामागे भांडावं असं आहे काय, आजारपणाचा कागद. मृत्युपत्र मेल्यावर उघडतात, हा मरायच्या आधी लागतो. शुद्ध गेली, वाचा गेली, तर नळ्या घालायच्या की नाही, दवाखान्यात ठेवायचं की घरी, निर्णय कोणी घ्यायचा, हे सगळं डोकं ठिकाणावर असताना दोन साक्षीदारांसमोर सांगून ठेवायचं. लोक ह्या कागदाला घाबरतात आणि खोलीच्या रंगावर मात्र चार दिवस वाद घालतात. आतल्या केबिनमध्ये कोणी अशील बसले होते, म्हणून ती दारातून म्हणाली, “काकू, एवढं उरकते. तोवर नमुना चाळा. तुम्हाला काय सांगायचं म्हणा, तुम्हीच शेकड्याने केलेत.” शेकड्याने केले, खरंच. आणि कसे केले ते माझ्याइतकं कोणाला ठाऊक असणार?

आमच्याकडे कोऱ्या पानावर कोणी सुरुवात करत नसे. मागच्या माणसाचा कागद कॉम्प्युटरच्या मशीनवर उघडायचा, त्याची नवी प्रत करायची आणि वरून नव्या माणसाला बसवायचं. नाव जाऊन नाव, वय जाऊन वय. अशिलाने स्वतःच्या हाताने भरलेलं प्रश्नपत्रक डावीकडे, मशीन समोर, आणि नजर डावीकडून ढळू द्यायची नाही. प्रश्नपत्रकाच्या शेवटी एक मोकळी जागा असायची, ‘इतर इच्छा’. बहुतेक लोक तिथे काही लिहीत नसत. मग आदल्या माणसाचा तो परिच्छेद काढून टाकायचा. काहीजण लिहायचे. मांजर खोलीत असू द्यावं, धाकट्या जावेला आत येऊ देऊ नये, दात लावून ठेवावेत. मी ते वाचत नसे. म्हणजे बोटांनी वाचत असे, डोक्याने नाही. नव्या मुली माझ्या हाताखाली यायच्या त्यांना मी पहिल्या दिवशी सांगायची, जी वाचते ती चुकते. अर्थ डोक्यात शिरला की बोटं अडखळतात, आणि शिवाय दुसऱ्याच्या मनात डोकावायला आपल्याला कोणी पगार देत नाही. ह्याचा मला केवढा तोरा होता. एरवी दिवसभर माझ्या तोंडाची टकळी चालू. साहेब म्हणायचे, तुमचं तोंड आणि बोटं दोन वेगळ्या बायकांची आहेत.

अकरा वर्षांपूर्वी ह्यांना पहिला सौम्य झटका आला, त्यातून ते बरे झाले, आणि महिन्याभराने एक दिवस स्वतःहून साहेबांसमोर येऊन बसले. घरी मला चकार शब्द नाही. तासाभराने बाहेर आले, भरलेलं प्रश्नपत्रक माझ्या टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, “हे तेवढं करून टाक.” जणू विजेच्या बिलाचा अर्ज. नियमाने तो कागद मी करायला नको होता, कारण निर्णय घेणारी व्यक्ती म्हणून माझंच नाव होतं; पण टाइप करणारी दुसरी मुलगी बाळंतपणाच्या रजेवर होती आणि साहेब म्हणाले, चालतंय. मी मुख्याध्यापकांचा कागद उघडला. नाव, वय, पत्ता बदलला. श्वासाची नळी नको, पोटातली नळी नको, शक्यतो घरीच, हे सगळं त्यांच्या खुणा बघून उतरवलं, आणि त्या खुणा बघताना माझे कान गरम झाले होते. नवऱ्याने स्वतःच्या मरणाचा तपशील इतक्या नीटनेटक्या टिकांनी भरलेला, आणि आपण तो चोरून बघतोय. शेवटचं पान मी उलटलंच नाही, हे मला आज त्या नमुन्यापुढे बसून आठवलं; इतकी वर्षं उलटलं असंच मी धरून चालले होते. तिथे काही लिहिलं असेल तर ते माझ्याबद्दल असेल असं मला वाटलं. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा मी कोणाच्या तरी कागदाशी सभ्यपणाने वागायला गेले, आणि डाव्या बाजूचं एक पान न बघता उजव्या बाजूचं तसंच राहू दिलं. साहेबांनी त्यांच्या पद्धतीप्रमाणे विचारलं, “वाचलंत ना? करा सही.” हे म्हणाले, “हिने केलंय, मग वाचायचं काय.” साक्षीदार म्हणून खालच्या मजल्यावरचे दोघे आले, सह्या करून चहा पिऊन गेले.

तो कागद मी पहिल्यांदा वाचला तो तीन वर्षांनी, मोठा झटका आल्यावर, दवाखान्याच्या जिन्यात उभी राहून. डॉक्टरीणबाईंनी वाचून मान हलवली, म्हणाल्या, “स्पष्ट आहे सगळं. घरी न्या. ऐकू येत असेल त्यांना, सांगता मात्र येणार नाही.” मी म्हटलं, “ऐकू येतं?” त्या म्हणाल्या, “धरून चाला की येतं.” आणि माझ्या हातात तो कागद, ‘आयुष्यभर मी पुरेसे ऐकले आहे’. आमच्या लग्नाला तेव्हा एकेचाळीस वर्षं झाली होती. हे मितभाषी, नाकासमोर चालणारे. मी बोलायची आणि हे ऐकायचे, हा आमचा संसार. लोक चेष्टा करायचे, मीही करायची, की बाई मी एकटीच दोघांचं बोलते. त्या जिन्यात मला कळलं की एकेचाळीस वर्षं हा माणूस निमूट सोसत होता आणि हे तोंडावर सांगायची त्याला भीड पडली म्हणून त्याने वकिलाला सांगितलं. मला तोंडात मारल्यासारखं झालं. पण इच्छा ती इच्छा. ती पाळायची हे माझं काम होतं, कागदावर तसं माझं नाव होतं. नऊ दिवस मी त्यांच्या उशाशी बसले. तोंड पुसलं, ओठ ओले केले, कूस बदलली, आणि एक शब्द बोलले नाही. तिसऱ्या दिवशी आमची मुलगी त्यांचा हात हातात घेऊन म्हणाली, “बाबा, आज काय झालं माहितेय का,” तर मी ओठांवर बोट ठेवलं आणि तो कागद तिच्यापुढे उघडा धरला. तिने वाचला. शेवटच्या ओळीशी आली तेव्हा माझ्याकडे बघितलं, आणि त्या बघण्यात माझी कीव होती. वडिलांशी शेवटचं बोलायला आलेल्या पोरीला मी गप्प केलं. ती उठून गॅलरीत गेली आणि कठड्यावर वाळत टाकलेले टॉवेल विनाकारण पुन्हा झटकत बसली.

तेव्हापासून मी कमी बोलते. लोकांना वाटतं दुःखाने माणूस खोल होतो. शेजारीण एकदा म्हणाली, तुम्ही किती शांत झालात हो, आणि तिच्या आवाजात सुटकेचा भाव होता हे मला कळलं. मुलगी रविवारी येते, आम्ही जेवतो, चमचे वाजतात, ती विचारते औषधं घेतेस ना, मी मान हलवते. एखादी गोष्ट सांगावीशी वाटते, जिभेच्या टोकाशी येते, आणि तिथे ते चौथं वाक्य उभं असतं. कधी कधी वाटतं, मी विधवा झाले त्याहून मुकी झाले ह्याचंच मला जास्त वाईट वाटतं, आणि मग ह्याची लाज वाटते. हे सगळं त्या नमुन्यावर बोट ठेवून मला आठवत होतं, एकदम, आणि त्याच वेळी मला मुख्याध्यापकही आठवले. उंच, वाळके, कानात कापूस घातलेले. माझ्या टेबलापाशी उभे राहिले तेव्हा मी नेहमीप्रमाणे काहीतरी बोलत होते आणि त्यांनी डोळे मिटून घेतले होते. त्यांनी मागितलेली शांतता त्यांना मिळाली असेल, असं मला मनापासून वाटतं. दोघांनी तरी कशाला फसावं.

नमुना बंद करून ठेवता आला असता. झाकली मूठ सव्वा लाखाची. साहेब नाहीत, ते दोन साक्षीदार कुठे आहेत देव जाणे, ही चूक जगात मला एकटीला ठाऊक. दुःखाची एकदा सवय झाली की ते घरातल्या जड कपाटासारखं असतं. त्याला वळसा घालून चालायला पाय शिकलेले असतात. आणि भीती वेगळीच होती. ती चार वाक्यं त्यांची नसतील, तर त्यांची कोणती होती? प्रश्नपत्रकं फायलीला लावून ठेवायची पद्धत मीच सुरू केली होती. शिवाय दुसरंही काही मनात आलं: जर हा परिच्छेद मुख्याध्यापकांचा राहिला, तर नळीचं कलम कोणाचं होतं? मी खुणा बघून उतरवलं होतं, मला आठवत होतं. पण शेवटचं पान मी तपासलंय असंही मला अकरा वर्षं आठवतच होतं की. केबिनचं दार उघडलं, अशील गेले, आणि मी उठून आत जाऊन म्हटलं, “मला ह्यांची फाइल काढून दे.”

“काकांची? आत्ता?” ती म्हणाली. “काकू, काही झालंय का?”

“आधी काढ.”

तिने प्रश्न विचारले नाहीत, हे तिच्या बापावर गेलं. गुडघ्यावर बसून खालच्या कपाटातून फाइल काढली, फडक्याने पुसली आणि माझ्यासमोर ठेवली. मी प्रश्नपत्रक डावीकडे घेतलं, कागद उजवीकडे, आणि आयुष्यात पहिल्यांदा दोन्ही वाचले. श्वासाची नळी: नको, नको. पोटातली नळी: नको, नको. घरी, घरी. निर्णय घेणारी व्यक्ती, माझं नाव, माझं नाव. एवढं तपासून झालं. ते गेले ते त्यांच्याच मर्जीने गेले. मग मी शेवटचं पान उलटलं. नकाशेवाल्याचं अक्षर, पट्टी लावल्यासारखं सरळ, पेन्सिलने.

‘रेडिओ बंद ठेवावा. त्यात हिचं बोलणं नीट ऐकू येत नाही.’

मला आधी हसू आलं. खरंच हसले मी, मोठ्याने, आणि ती पोर दचकली. रेडिओ माझा होता. सकाळी उठल्यापासून लावायची आणि त्याच्यावर आवाज चढवून बोलत सुटायची. हे दाढी अर्धी सोडून येत, बटण पिळत आणि परत जात. मी म्हणायची, तुम्हाला मेलं काहीच ऐकायला नको. त्यावर ते काही बोलायचे नाहीत. हसता हसता माझ्या हनुवटीचं काय झालं कळलं नाही. त्यांची डावी बोटं आठवली. उजवी बाजू गेली होती, पण डावी बोटं त्या नऊ दिवसांत मधून मधून चादरीवर आपटायची, दोनदा, थांबून पुन्हा दोनदा. मी कागद वाचलेला होता, म्हणून मला वाटायचं माझी हालचालही त्यांना त्रास देतेय. मी उठून बाहेर जायची. पायांचा आवाज होऊ नये म्हणून अनवाणी जायची.

साहेबांच्या मुलीने दोन्ही पानं वाचली आणि तिचा चेहरा वकिलाचा झाला. “काकू, आमच्या ऑफिसकडून ही—”

“तुमच्याकडून नाही. माझ्याकडून.”

“बाबांनी वाचून दाखवायला हवं होतं. मी आता प्रत्येकाला वाचून दाखवते, मोठ्याने, शेवटच्या ओळीपर्यंत. लोक कंटाळतात.” तिने कलमांवरून पुन्हा बोट फिरवलं. “उपचारांची कलमं सगळी बरोबर आहेत. कायद्याच्या दृष्टीने काही बिघडलेलं नाही.”

“कायद्याच्या दृष्टीने नाही,” मी म्हटलं. तिने पाणी आणून दिलं. माझ्या कागदाचं काय करायचं असं विचारलं, तर मी म्हटलं पुढच्या आठवड्यात, आणि त्या पेन्सिलच्या पानाची एक प्रत काढून घेतली. मशीनमधून कागद गरम गरम बाहेर आला.

रस्त्यावर आले तेव्हा दुपारचे बारा वाजले होते आणि सगळं जग मोठमोठ्याने बोलत होतं. चष्म्याच्या एका दुकानात माझी मुलगी डोळे तपासते, ऑफिसपासून चालत दहा मिनिटं. मला पाऊण तास लागला. मी वाटेत स्वतःशी वाद घातला. तिला कशाला सांगायचं? तिचा संसार, तिची गुडघेदुखी, तिच्या लेकाच्या परीक्षा. तिच्या मनात वडिलांचं एक चित्र आहे, शांतता मागून शांततेत गेलेले. ते मी जाऊन फोडायचं, आणि वर सांगायचं की तुझ्या ओठांवर बोट ठेवलं ते तुझ्या आईच्या निष्काळजीपणाने? नुसतं दुखणं उकरायचं. माझ्या मनावरचं ओझं उतरावं म्हणून तिच्या डोक्यावर ठेवायचं. एका बाकावर मी बसलेही. पण त्या पानावर ‘हिचं’ लिहिलं होतं, ते माझं झालं. तिसऱ्या दिवशी हात हातात घेऊन जे ती सांगणार होती ते तिचं होतं, आणि ते मी घेतलं होतं. घेतलेली वस्तू परत देता येत नसेल तर घेतली हे तरी सांगावं. मी उठले.

तपासणीची खोली अरुंद, अंधारी, समोर उतरत्या अक्षरांचा उजळलेला तक्ता. मला दारात बघून ती म्हणाली, “आई? तू? डोळ्यांना काही होतंय का?” मी म्हटलं, “दार लाव.” ती म्हणाली, “बाहेर गिऱ्हाईक आहे.” मी म्हटलं, “बसू दे.” हा माझा जुना आवाज असावा, कारण तिने मुकाट्याने दार लावलं. मी पेशंटच्या खुर्चीत बसले, ती चाकांच्या स्टुलावर, आणि मी सांगितलं. मागच्या माणसाचा कागद, न उलटलेलं पान, मुख्याध्यापक, सगळं, पाल्हाळ न लावता. मग घडी उलगडून प्रत तिच्या हातात दिली. तक्त्याच्या उजेडात तिने ती दोनदा वाचली.

“म्हणजे ते बाबांनी लिहिलंच नव्हतं.”

“नाही.”

“कोणी बोलू नये, वगैरे. त्यातलं काहीच?”

“एक अक्षरही नाही. तुला मी उगाच गप्प केलं. तुझ्याकडे माफी मागायलासुद्धा—”

“थांब, आई.” तिने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. “मी गप्प नव्हते. मी बोलायचे त्यांच्याशी. तू अंघोळीला गेलीस की. नळाचा आवाज सुरू झाला की बोलायला लागायचे आणि बंद झाला की थांबायचे. रोज, पहिल्या दिवसापासून. तू कागद दाखवल्यानंतरही.” तिचा आवाज लहान मुलीसारखा झाला होता. “बाबांनी जाताना एकच गोष्ट मागितली आणि तेवढीही मला पाळता आली नाही, असं वाटायचं मला. आठ वर्षं. तुला कसं सांगणार? तू बिचारी इतकं पाळलंस.”

माझ्या अंघोळीला वीस मिनिटं लागतात, पहिल्यापासून. ह्यावरूनही घरात चेष्टा व्हायची. नऊ दिवस, वीस वीस मिनिटं. मी बोटांवर हिशेब केला. तीन तास होतात.

“काय बोलायचीस?” मी विचारलं.

“काहीही गं. दुकानातलं, घरातलं. तू आज कोणाशी वाद घातलास ते. खरं तर तू काही बोलतच नव्हतीस तेव्हा, मग मी मनानेच रचायचे. आई आज दूधवाल्याला असं असं म्हणाली, मग तो असं म्हणाला.” ती डोळे पुसत हसली. “तुझ्यासारखं करून सांगायचे.”

बाहेरून दारावर कोणीतरी टकटक केली, आणि ती न उठताच म्हणाली, पाच मिनिटं. मी खुर्चीत नीट मागे टेकून बसले.

“पहिल्या दिवशी काय सांगितलंस?” मी म्हटलं. ती सांगायला लागली, आणि ती संपवेपर्यंत मी मध्ये एक शब्द बोलले नाही.